सेकंदाचा काटा आणि शंकरपट

मोटारशर्यतीच्या प्रेरणेतून घडलेले मनगटी घड्याळ त्याच्या तबकडीवरूनच ओळखू येते: मुख्य तबकडीत बसवलेल्या दोन-तीन छोट्या तबकड्या, काटा सोडणारी, थांबवणारी व शून्यावर आणणारी बाजूची बटणे, आणि बहुधा कडेने कोरलेली वेगपट्टी, म्हणजेच टॅकीमीटर. एक किलोमीटर अंतर 30 सेकंदांत कापले, तर काटा थांबतो तेथे 120 हा ताशी वेग वाचता येतो. 3600 ला सेकंदांनी भागण्याचे काम ती पट्टीच करते. ओमेगाने 1957 च्या स्पीडमास्टरमध्ये ही पट्टी तबकडीवरून बाहेरच्या कड्यावर नेली. 1963 मध्ये हॉयर या घड्याळ कंपनीचे जॅक हॉयर यांनी मेक्सिकोतील कॅरेरा पानामेरिकाना या शर्यतीवरून आपल्या घड्याळाला कॅरेरा हे नाव दिले आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या खुणा काचेखालच्या कड्यावर हलवून तबकडी मोकळी केली. या घराण्यातील सर्वांत निर्मळ रचना तीच म्हणावी लागेल, कारण धावत्या गाडीत एका नजरेत वेळ वाचता यावी हा मूळ हेतू तिच्यात कोठेही झाकोळलेला नाही.

नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत मनगटावर आले ते मात्र एचएमटी. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूत ज्याचे उत्पादन सुरू झाले, त्या कारखान्याच्या ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळात सेकंदकाटा होता, पण तो हवा तेव्हा शून्यावरून सोडण्याची सोय नव्हती. तरीही सेकंदावर ठरणारी शर्यत या भागाला परकी नव्हती. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्याच्या पट्ट्यात सेकंदावरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. त्यात, सांगली-साताऱ्याकडे अनेक गाड्या एकदम सुटतात तसे न होता, प्रत्येक बैलजोडी आखलेल्या अंतरावर आपल्या पाळीने धावते आणि कमी वेळ लागलेली जोडी जिंकते. जुन्नर-आंबेगावच्या घाटातील बारीलाही, म्हणजे बैलगाड्याच्या धावेलाही, हाच न्याय लागू आहे. अंतर सर्वांना सारखेच असल्याने येथे वेगपट्टीची गरज पडत नाही, सेकंद हाच निकाल असतो.

परंतु हे सेकंद किती बारीक मोजायचे, हा प्रश्न उरतो. तासाला 18,000 ठोके देणारे यंत्र सेकंदाचे पाचच भाग पाडू शकते, आणि चुरशीच्या पटात एवढ्या फटीत कित्येक जोड्या बरोबरीत सापडतील. हॉयर कंपनीच्या 1916 च्या मायक्रोग्राफ या स्टॉपवॉचने सेकंदाचा शंभरावा भाग मोजून दाखवला होता. आज पटाच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉनिक घडी लावून तेवढाच बारीक हिशेब ठेवला जातो. धुरकऱ्याचे, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचे, वर्षभराचे कष्ट अशा एखाद्या शतांशावर तोलले जात असतील, तर अचूक घडी हा त्याचा हक्कच आहे.

7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या या शर्यती बंद पडल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्यांना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. जनावराला चाबूक किंवा विजेचा धक्का देण्यास नियमांनी केलेली मनाई ही यातील सर्वांत मोलाची अट होय. धावणाऱ्या बैलांचे म्हणाल, तर लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी या जातींची ख्याती मुळात नांगर व जड ओढीच्या कामासाठी आहे. शर्यतीसाठी मात्र महाराष्ट्रात सर्वाधिक नाव खिल्लारचे घेतले जाते.