तळटीप २७ : ‘थिएटर ऑफ ब्लड’

२७. ‘थिएटर ऑफ ब्लड’ : डग्लस हिकॉक्स दिग्दर्शित ब्रिटिश भयपट (१९७३). पुरस्कार हुकल्याने सूडाला पेटलेला नट एडवर्ड लायनहार्ट (व्हिन्सेंट प्राइस) लंडनच्या नाट्यसमीक्षकांना एकेक करून शेक्सपिअरच्या नाटकांतल्या पद्धतींनी मारतो. ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये राणीला तिच्याच मुलांच्या मांसाचे सारण खाऊ घातले जाते, इथे खादाड समीक्षकाला (रॉबर्ट मॉर्ली) त्याच्या लाडक्या पूडल कुत्र्यांचे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉकला रतलभर मांस शेवटपर्यंत मिळत नाही, लायनहार्ट मात्र ते कापून घेतो, म्हणजे खुद्द शेक्सपिअरलाही दुरुस्त करतो! हसू येते ते नटाच्या आढ्यतेचे. मरण मात्र लुटुपुटीचे नाही. प्राइस स्वगते मनापासून, भारदस्तपणे म्हणतो, त्यामुळे प्रसंगाची थट्टा होते, पण भीती पातळ होत नाही. मूळ ग्रंथकाराने या मिश्रणाला ‘आधुनिक खूळ’ म्हटले असले, तरी ते जुनेच आहे : ‘मॅकबेथ’मध्ये राजा डंकनच्या खुनानंतर लगेचच झिंगलेल्या द्वारपालाचा विनोदी प्रवेश येतो, आणि त्याची बडबड संपताच प्रेत सापडते. – संपा.