सुट्या भागांचे गणित

अर्धापूर म्हटले की केळी आठवायची, असा आमच्या मराठवाड्यातला रिवाज आहे, आणि तो रास्तच आहे. नांदेड सोडून नागपूरच्या रस्त्याला लागावे, तो थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सोबतीला येतात. केळीच्या एका जातीला तर या गावाचेच नाव मिळाले आहे. अशा या गावी माझी ताई राहते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. रात्रीची जेवणे आटोपून ओसरीवर बसलो असता भाच्याने वहीचा एक कागद हळूच माझ्यापुढे सरकवला.

“मामा, एवढे जरा बघता का?”

कागदावर आठ नावे होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. प्रत्येकापुढे किंमत, आणि खाली बेरीज : रुपये ५०,०००. चिरंजीव नांदेडला अभियांत्रिकी शिकतात. संगणक तयार विकत न घेता, सुटे भाग आणून स्वतः जोडण्याचा त्यांचा बेत होता. ‘अभ्यासालाही होईल’ असे त्याने जाताजाता सांगितले. पण मुख्य हेतू संगणकावर खेळ खेळण्याचा आहे, हे लपवले नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडला. दाजींना मात्र तो मुळीच आवडला नाही.

“बागेतून हाताशी आलेले पन्नास हजार,” ते म्हणाले, “आणि ते कशाला, तर खेळायला!”

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. विजेच्या यंत्रांत मला गती नाही. परंतु कोणी प्रश्न टाकला की ‘हे पूर्वी कोणी केले होते?’ असे विचारायची मला जुनी खोड आहे. म्हणून मी कागद खिशात घातला आणि भाच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे हाती लागले, ते वाचकांनाही सांगावे म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी की, सुटे भाग निवडून यंत्र जोडणे हा आजच्या पोरांचा छंद नव्हे. आपल्या देशातला संगणकाचा आरंभच तसा झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण मंडळींनी संगणक बांधायला घेतला. आधी १९५६ पर्यंत एक लहान नमुना उभा केला, आणि त्याच्या अनुभवावर मोठे यंत्र रचले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. १९६० मध्ये ते रीतसर कामाला लागले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याची स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. आज भाच्याच्या खिशातला फोन त्याहून लाखो पटींनी अधिक लक्षात ठेवतो. पण या मंडळींचा एक निर्णय मला मोठा शहाणपणाचा वाटला. नळ्या जुन्या पद्धतीच्या असल्या, तरी स्मृतीसाठी त्यांनी त्या काळी नवीनच असलेली फेराइटच्या कड्यांची रचना निवडली. म्हणजे सगळेच उत्तम नाही आणि सगळेच स्वस्त नाही. जिथे खर्च केल्याने सर्व यंत्राला बळ येते, तिथे खर्च. या यंत्राला आलेख व अक्षरे दाखवणारा एक पडदाही जोडला होता, हे भाच्याला सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. मॉनिटर त्याच्या यादीत शेवटचा होता ना!

खेळाचे म्हणाल, तर तोही या यंत्राच्या पाळण्यापासूनचा सोबती आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये, पाहायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. अणुसंशोधन आणि क्षेपणास्त्रे यांच्या गणितातून उसंत मिळताच माणूस यंत्राशी खेळू लागला. दाजींना मी हे सांगितले. “रिकामटेकडे,” एवढेच ते म्हणाले.

आता दुसरा प्रश्न. सुटे भाग बाजारात मिळतात, ते एकमेकांत बसतात, हे कसे झाले? मोटारीचे इंजिन एका कंपनीचे आणि चाके दुसरीची, असे आपण घरी जोडू शकत नाही. संगणकात ते शक्य झाले, याचे कारण घाईत घेतलेला एक निर्णय. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीने आपला घरगुती संगणक जाहीर केला. तो वर्षभरात तयार व्हायला हवा होता. म्हणून तिच्या फ्लोरिडातील पथकाने सारे स्वतः घडवण्याची कंपनीची रीत बाजूला ठेवली. प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, मुख्य पट्टीवर वाढीव कार्डांसाठी पाच खाचा ठेवल्या, आणि त्या खाचांचे नकाशे पुस्तकात छापून टाकले. झाले! कोणीही त्या खाचेत बसेल असे कार्ड बनवू लागला. पुढच्याच वर्षी कॉम्पॅक कंपनीने तसाच चालणारा दुसरा संगणक जाहीर केला. आय.बी.एम.ची मक्तेदारी त्या पाच खाचांतून गळून गेली, आणि जगभरच्या गरीब विद्यार्थ्याला मात्र निवडीचा अधिकार मिळाला.

तो अधिकार अर्धापूरपर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. आपल्याकडे तेव्हा परदेशी भागांवर जबर जकात होती आणि परवान्यांचे जाळे होते. १९८४ च्या नोव्हेंबरात संगणकविषयक नवे धोरण आले, तेव्हा गाठी थोड्या सैल झाल्या. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी त्या आणखी सुटल्या. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या वस्तूंवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरत गेली. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांसाठी आधीच प्रसिद्ध होता. तो आता संगणकाच्या भागांची पेठ झाला. कंपनीच्या शिक्क्याचा संगणक परवडत नाही, त्याने ‘असेंबल’ केलेला घ्यावा, हा मंत्र तिथून गावोगाव गेला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.सी.आय.टी. अभ्यासक्रमाने तर तालुक्यातालुक्याला संगणकाचे वर्ग उघडले, आणि त्या वर्गांतून असे जोडलेले संगणक पुष्कळ दिसत.

या मधल्या काळातली एक गोष्ट दाजींनाही लक्ष देऊन ऐकावीशी वाटली. अमेरिकेने बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी महासंगणक देण्याचे नाकारले. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. तो कसा केला? एकच प्रचंड प्रोसेसर मिळत नव्हता. म्हणून बाजारात मिळणारे, ट्रान्सप्यूटर नावाचे लहान प्रोसेसर अनेक घेतले आणि सर्वांना एका कामाला जुंपले. एक हत्ती मिळेना, तर बैलांच्या जोड्या जोडून ओढण्यासारखेच हे. दाजी हसले. जोडीची भाषा त्यांना समजते.

आणि खेळाचे ग्राफिक कार्ड नेमके हेच करते. हिशेब पाहा. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. सफाईदार खेळासाठी हे चित्र सेकंदाला ६० वेळा नवे काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा! प्रोसेसर हा एखाद्या विद्वान शास्त्र्यासारखा असतो. अवघड प्रमेय सोडवील, पण हजार पाट्यांवर बे एके बे लिहायला बसवला तर दमून जाईल. ग्राफिक कार्ड म्हणजे शाळेतली हजार पोरे. प्रत्येकाला एक सोपी बेरीज दिली की क्षणात पाट्या भरून येतात. १९९३ च्या ‘डूम’ या गाजलेल्या खेळात सगळे चित्र प्रोसेसरच काढी. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’ कार्ड आले, १९९९ मध्ये एनव्हिडियाचे ‘जीफोर्स २५६’ आले, आणि त्या दोघांची कामे वेगळी झाली.

बेताच्या पैशांत वेग मिळवण्याची युक्तीही त्याच काळातली. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने ‘सेलेरॉन ३००ए’ नावाचा स्वस्त प्रोसेसर सुमारे १५० डॉलरला काढला. मदरबोर्डावरची गती ६६ ऐवजी १०० वर ठेवली की हाच ३०० चा प्रोसेसर पुष्कळदा ४५० च्या गतीने धावे. त्या गतीचा इंटेलचा मोठा प्रोसेसर चौपटीहून महाग होता. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट कानोकानी पसरवली. स्वस्त वस्तू आणि हलकी वस्तू यांत फरक असतो, तो त्यांनी ओळखला होता.

एवढा इतिहास घेऊन मी भाच्याच्या कागदाकडे वळलो, तेव्हा दोन चुका डोळ्यांत भरल्या. पहिली अशी, की निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या ग्राफिक कार्डावर होती. बाकीचे भाग उरल्यासुरल्या पैशांत कोंबले होते. साडेसात अश्वशक्तीचा पंप बसवून त्याला अर्ध्या इंचाची नळी जोडली, तर पाणी नळीच्या मापानेच येणार. मंद प्रोसेसर कार्डाला वेळेवर काम पुरवू शकत नाही, आणि महागडे कार्ड मान खाली घालून वाट पाहत बसते. दुसरी चूक अधिक धोक्याची होती. एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज वाटून देणारी पेटी, त्याने सर्वांत स्वस्तातली निवडली होती.

येथे मला घरचा अनुभव सांगायला हवा. आमच्याकडचा पहिला जोडलेला संगणक शहरातल्या एका दुकानातून आणला होता. पेटीवरचे आकडे मोठे होते, वजन मात्र हलके. ते दिवस भारनियमनाचे. वीज दिवसातून कितीदा जाई आणि येई, त्याची मोजदाद नव्हती. एका दुपारी वीज परत आली ती धक्का देतच. पेटी जळाली, आणि जाताना मदरबोर्डालाही घेऊन गेली. तीनचारशे रुपये वाचवले होते. सहा हजार गेले. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर सहज चढतो, धूळ तर बारमाही. थंड प्रदेशातल्या माणसाने केलेली यादी अर्धापुरात जशीच्या तशी चालत नाही. इथे चांगली वीजपेटी, हवा खेळेल असे कॅबिनेट आणि एखादा यूपीएस यांना मान आधी द्यावा लागतो.

“मग कार्डाचे काय, मामा?” भाच्याचा चेहरा उतरला.

कार्डांच्या बाजाराचाही इतिहास असतो. २०२० ते २०२२ या काळात महासाथीमुळे माल तुटला, आणि आभासी चलन ‘खणणाऱ्यांनी’ कार्डे ढिगांनी उचलली. भाव छापील किमतीच्या दुप्पट झाले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ या चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांची ती गरज संपली आणि भाव उतरले. ज्याने तेव्हा कर्ज काढून घेतले तो पस्तावला. ज्याने थांबून घेतले तो शहाणा ठरला. शेतकऱ्याच्या मुलाला भाव पडण्याची आणि चढण्याची गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. आणि २०११ च्या सुमारापासून प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढणारा भाग देण्याची रीत रूढ झाली आहे. तसा प्रोसेसर घेतला, रॅमची एकच मोठी पट्टी न घेता दोन लहान घेतल्या, म्हणजे स्मृतीची वाट रुंद होते, तर हलकेफुलके खेळ कार्डावाचूनही चालतात. कार्डाची खाच रिकामी ठेवायची. आय.बी.एम.ने १९८१ मध्ये खाचा ठेवल्या, त्या याचसाठी.

भाच्याने नवी यादी केली. बेरीज ३६,००० वर आली. वीजपेटी मात्र पुढच्या कार्डाला पुरेल अशी घेतली.

दाजींचा मूळ प्रश्न राहिलाच होता : खेळायलाच ना? त्याला उत्तर म्हणून मी एकच हकीकत सांगितली. २०१२ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्याने चित्रे ओळखायला शिकणारी एक गणिती रचना तयार केली. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा जगभर बोलबाला आहे, तिच्या वाटेवरचा तो एक मोठा टप्पा मानतात. त्यासाठी त्याने कोणता महासंगणक वापरला? ‘जीटीएक्स ५८०’ नावाची, खेळासाठी विकली जाणारी दोन ग्राफिक कार्डे. हजार पाट्यांवरच्या सोप्या बेरजा याही कामाला लागतात.

“म्हणजे आमचा तसा होईल म्हणता?” दाजींनी विचारले.

“तसे नाही म्हणत. पण दार एकच आहे, एवढे खरे.”

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठता उठता म्हणाले, “राहिलेले चौदा हजार पोस्टात ठेव. पुढल्या बागेला भाव बरा मिळाला तर घे तुझे ते कार्ड. मला आधी दाखव मात्र.”

भाग आले, तेव्हा ओसरीवर सतरंजी अंथरून बापलेकांनी मिळून ते जोडले. स्क्रू फिरवायला दाजींचाच हात स्थिर होता, असे ताईने फोनवर सांगितले. या दिवाळीला आम्ही अर्धापूरला जाणार आहोत.