मान वळती का रे?

माझ्या आजोबांना, आबांना, सन विचारलेला आवडायचा नाही. त्यांचं पंचांग वेगळं होतं. ‘मानमोडीचं साल’ म्हणजे १९१८, ‘रझाकाराचं साल’ म्हणजे १९४८ आणि ‘बोर्डिंगातल्या तापाचं साल’ म्हणजे १९५७. यातलं पहिलं त्यांनी पाहिलेलंही नव्हतं, पण धास्ती त्याचीच होती.

ती त्यांच्या मायनं घातलेली. मानमोडीत ती सात-आठ वर्षांची पोर. आमच्या साखरा गावातले म्हातारे म्हणत, यापेक्षा प्लेग बरा. त्यात आधी उंदीर पडतात, रानात खोपी घालायला सवड मिळते. मानमोडीनं सवड दिली नाही. जून १९१८मध्ये मुंबई बंदरावरचे पोलीस शिपाई आजारी पडले आणि महायुद्धाच्या जहाजांबरोबर आलेला तो ताप आगगाडीत बसून देशभर गेला. हिंगोलीलाही तेव्हा पूर्णेहून मीटरगेज गाडी येत होती. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, आणि सप्टेंबरपासूनची दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी क्रूर. ऐन उमेदीतली माणसंच तिनं जास्त नेली. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली, असं अभ्यासक सांगतात. मायच्या हिशेबात कोटी नव्हते. शेजारघरी पहाटे दळायला बसलेल्या दोन जावा होत्या, आणि चार दिवसांनी तसंच पडलेलं जातं. पाळूभोवती पीठ, आत अर्धे भरडलेले दाणे.

अंग, डोकं, मान मोडून येणारा ताप, म्हणून मानमोडी. पण आबांनी पोरवयात या नावाचा अर्थ सरळच लावला होता: हा रोग रात्री येतो आणि कोंबडीची मुरगाळावी तशी मान मुरगाळतो.

१९५७च्या पावसाळ्यात ते हिंगोलीच्या एका बोर्डिंगात होते. पत्र्याची लांब खोली, भिंतीकडेला लोखंडी पेट्या, त्यांच्यापुढं वळकट्यांची रांग. मे महिन्यात सिंगापूरहून आलेल्या जहाजातून मद्रासला उतरलेला ‘एशियन फ्लू’ तोवर सगळीकडं पसरला होता. बोर्डिंगात तो शिरला आणि तिसऱ्या दिवशी अर्धी रांग आडवी झाली, मग आचारीही. गुरुजींनी स्वतः कण्या शिजवल्या, करपलेल्या. आबा साठ वर्षं त्या करपटपणाची तक्रार करत राहिले आणि तसल्याच कण्या मागत राहिले. औषध म्हणजे लालसर मिक्श्चरची बाटली, तिला डकवलेली कागदाची पट्टी, पट्टीवर डोसाच्या खुणा.

त्या साथीत पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देशात ४४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले, मृत्यू अकराशेच्या आसपास. मानमोडीच्या मानानं ही साथ सौम्यच. पण वाकळीत कुडकुडणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? आबा रात्रभर मान हलवून बघत. डावीकडं भिंत, उजवीकडं शेजारचा पोरगा. एका रात्री तो अगदीच गप्प वाटला, तेव्हा त्यांनी त्याला गदागदा हलवलं, “मान वळव आधी!” तो रडायलाच लागला. मग कारण सगळ्या रांगेला कळलं, आणि गंमत म्हणजे सगळ्यांच्याच मायांनी तेच सांगितलेलं निघालं. पुढच्या रात्री अंधारातून कुणीतरी विचारलं, “मान वळती का रे?” एकेक उत्तर येत गेलं. वळती. वळती. वळती. गुरुजी कंदील घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, पोरं तापात बरळताहेत.

ओढ्यांना पाणी होतं म्हणून साखऱ्याहून बैलगाडी निघायला आठवडा गेला. आबांचे वडील आले, काही बोलले नाहीत. पोराच्या मानेमागं हात घातला आणि तसाच ठेवला.

ऑगस्ट २००९मध्ये, स्वाइन फ्लूच्या साथीत, मी पुण्यात वसतिगृहात होतो. रस्त्यात दिसेल तो तोंडाला रुमाल बांधलेला, नायडू रुग्णालयापुढं तपासणीच्या रांगा, शाळा-कॉलेजं बंद. मला ताप भरला. मेसही बंद होती. घरी फोन लावला. आईनं ताप किती विचारला, वडिलांनी पैसे आहेत का विचारलं. मग फोन आबांकडं गेला. पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता.

“मान वळती का रे?”

मी वळवून पाहिली. “वळती, आबा.”

“ती एका अंगाला झाली. आता दुसऱ्या अंगाला.”