सुंदरीचे अंक

2024 च्या ऑक्टोबरात चोपड्याला बहिणीकडे गेले होते. पेडण्यातलं चोपडे, शापोरा नदीच्या काठचं; पलीकडं शिवोली. पूल नव्हता तेव्हा आम्ही फेरीबोटीनं यायचो. भाची पेपर घेऊन आली. अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंटला आजवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली होती. 13,62,79,841 वेळा 2 मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून 1 वजा करायचा. संख्या 4,10,24,320 अंकी. ती कशानंच भागत नाही, 1 नं आणि स्वतःनं सोडून.

“मावशी, आपल्यात असलं काही नव्हतं ना? बायकांत तर नाहीच!”

मला जरा लागलंच. आदिपुराणातली गोष्ट आपण सगळ्याजणी ऐकून आहोत: ऋषभदेवांनी ब्राह्मीला अक्षरं शिकवली आणि सुंदरीला अंक. अक्षराला आपण धरून राहिलो, अंक मात्र दुकानात बसणाऱ्या पुरुषांवर सोडले. हे आदिपुराण लिहिणारे जिनसेनाचार्य म्हणजे धवला टीका लिहिणाऱ्या वीरसेनाचार्यांचे शिष्य. काळ नवव्या शतकाचा, राजा राष्ट्रकूट अमोघवर्ष. गोव्यावर तेव्हा त्यांचेच मांडलिक शिलाहार होते. त्याच राजाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला आणि गणित कुठं कुठं लागतं ते सांगताना त्यात स्वयंपाकशास्त्रसुद्धा घातलं. (हे वाचून मी आमच्या ह्यांना मुद्दाम ऐकवलं होतं.)

धवलेत ‘अर्धच्छेद’ आहे. म्हणजे संख्येचे निम्मे करत जायचं आणि 1 उरेपर्यंत किती वेळा निम्मे झाले ते मोजायचं. 64 लाडवांचे अर्धच्छेद 6. त्याहून जुन्या अनुयोगद्वारसूत्रात माणसांची संख्या सांगताना म्हटलंय की तिचे 96 वेळा निम्मे होतात. ती संख्या 29 अंकी. एवढा मोठा आकडा, पण 96 म्हटलं की हातात आला! ड्युरंटच्या संख्येतही 1 मिळवा, अर्धच्छेद 13,62,79,841.

मात्र आपल्या ग्रंथांत मूळ संख्या आधीच होती असं कुणी सांगितलं तर मला पटणार नाही. त्या 29 अंकी संख्येच्या शेवटी 6 आहे. 1 वजा केला की 5 येतो, म्हणजे 5 नं भाग गेलाच. अशा संख्यांचा ध्यास घेतला सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या मर्सेन नावाच्या साधूनं. गुणायचे 2 किती, तो आकडाही मूळच हवा. 96 मूळ नाही. बरं, तेवढ्यानंही भागत नाही: 11 मूळ आहे, पण 11 दोनांच्या गुणाकारातून 1 काढला की 2047, आणि ते 23 गुणिले 89.

“मग 7 चं?” भाचीनं विचारलं.

“127. कर की तूच.”

पायरीवर बसून ती भागायला लागली. 2, 3, 5, 7, 11. भाग जाईना. 13 लिहिलं आणि खोडलं.

“मावशी, 12 बारे 144. पुढं बघायचं कशाला?”