'शालोम' आणि नव्याचा सण

रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, रेवदंडा या परिसरात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्रायल पूर्वी 'शनिवार तेली' या नावाने ओळखले जात. त्यांची मातृभाषा मराठी. हिब्रू ही प्रार्थनेची भाषा. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. रोजची विचारपूस मराठीत आणि सणाची शुभेच्छा हिब्रूत, अशी वाटणी या समाजात झाली.

'शालोम' म्हणजे शांती. त्यात क्षेमकुशलही आले. भेटताना आणि निरोप घेताना हा एकच शब्द चालतो. पुरुषाला 'मा श्लोमखा' आणि स्त्रीला 'मा श्लोमेख' असे विचारतात, म्हणजे शब्दशः 'तुझे शालोम कसे आहे?'. मराठी माणसाला हा लिंगभेद जड जाऊ नये. अडखळायला होते ते वेगळ्याच ठिकाणी : हिब्रूत 'तू' आणि 'आपण' असा भेद नाही, सासऱ्यालाही 'तू'च. सकाळी 'बोकेर तोव', रात्री 'लायला तोव', आभाराला 'तोदा'. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून 'शब्बात शालोम'. रोश हशाना या नववर्षाला बेने इस्रायल 'नव्याचा सण' म्हणतात; त्या दिवशीची शुभेच्छा 'शाना तोवा'.

'मझल तोव' हे अभिनंदन विवाह, जन्म, यश अशा घडून गेलेल्या गोष्टीचे. गरोदर स्त्रीला ते म्हणत नाहीत. तिला 'बेशाआ तोवा', म्हणजे शुभ घडीला होवो, असे म्हणतात. वाढदिवसाला 'अद मेआ वेएसरिम', अर्थात १२० वर्षांपर्यंत जगा. कारण मोशेचे आयुष्य तेवढे होते. आपल्या 'शतायुषी व्हा'पेक्षा वीस वर्षे अधिकच!

यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची, जर्मन वळणाची पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. बेने इस्रायलांची ती कधीच नव्हती; त्यामुळे पेणच्या घरी 'गुट शबेस' म्हणणे अस्थानी ठरेल. भाषा मात्र मोठी उदार. 'गुट मॉर्गन'ला उत्तर मिळते 'गुट योर' : सकाळ दिली की वर्ष परत! 'शोलेम आलेइखेम'ला उलट क्रमाने 'आलेइखेम शोलेम' म्हणतात. सलामाशी असलेले त्याचे नाते उघड आहे. निरोपाला 'झाय गेझुंट', म्हणजे निरोगी राहा.

ज्यू घरात मृत्यू झाल्यावर सात दिवस शोक पाळतात. त्या काळात शोकाकुलांना 'शालोम'ही म्हणायचे नसते. ते बोलेपर्यंत पाहुणा गप्प बसतो. मराठी माणूसही अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाही.