बी सगळीकडे पडते, रुजते मात्र...

कर्करोगात मूळ गाठीपेक्षा जास्त भीती असते ती रोग पसरण्याची. पण तो पसरतो तेव्हा कुठे जातो, हे कोण ठरवते?

हा प्रश्न लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांना पडला होता. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. रोग यकृतात पोचला होता २४१ जणांच्या; प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणांच्या. रक्त तर प्लीहेलाही भरपूर मिळते! १८८९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की कर्कपेशी म्हणजे बी. बी सगळीकडे पडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच.

पुढे अमेरिकेतील जेम्स युइंग यांनी १९२८ च्या सुमारास वेगळे मत मांडले. रक्तवाहिन्यांचा मार्ग जिथे नेईल तिथे पेशी अडकतात, एवढेच त्यांचे म्हणणे. ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. पॅजेट मागे पडले.

१९८० मध्ये इयान हार्ट आणि आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या मांडीत फुफ्फुसाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे रुजवले आणि रक्तात कर्कपेशी सोडल्या. फुफ्फुसाच्या तुकड्यात गाठी झाल्या, मूत्रपिंडाच्या नाही. जागा तीच, फरक मातीचा.

मग ही माती बोलावते तरी कशी? २००१ मध्ये एक धागा हाती लागला. फुफ्फुस, यकृत, अस्थिमज्जा, लसिकाग्रंथी हे अवयव केमोकाइन नावाची संदेशद्रव्ये सोडतात आणि स्तनाच्या कर्कपेशींवर ती ओळखणारे ग्राहक असतात. फुलाच्या वासावर मधमाशी यावी, तशा त्या पेशी तिकडे वळतात. उंदरांत हा ग्राहक अडवला तेव्हा रोगाचा प्रसार घटला.

हाडांत तर उलटी देवघेवही चालते. कर्कपेशी संदेश पाठवून हाड झिजवतात. झिजणाऱ्या हाडातून सुटलेली वाढद्रव्ये त्यांनाच पोसतात. म्हणूनच हाडांची झीज थांबवणारी बिस्फॉस्फोनेट औषधे इथे उपयोगी पडली. ती मुख्यतः हाडावर काम करतात. तरीही सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगात, पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये हाडात रोग उलटण्याचे प्रमाण त्यांनी कमी केले, असे २०१५ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले.

आपल्या शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. तण केवळ उपटून भागत नाही, जमिनीकडेही पाहावे लागते. वैद्यकाला ते पटायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.