वरोऱ्याचं तिकीट : दोन घरं, एक पक्ष अन् दहा वर्षं

मंडळी, आकडे आठवा. ४ जून २०२४. चंद्रपूर लोकसभेत प्रतिभा धानोरकर २ लाख ६० हजारांवर मतांनी निवडून आल्या. समोर सुधीर मुनगंटीवार, राज्याचे मंत्री. ते स्वतःच्या बल्लारपुरातही मागे पडले. शेजारी गडचिरोली-चिमूरमध्ये डॉ. नामदेव किरसान यांनी अशोक नेतेंना लाखावर मतांनी हरवलं. पुढची विधानसभा काँग्रेसचीच, असं तेव्हा चहाच्या टपरीवरचा भाजपवालाही म्हणत होता.

साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहा जागांपैकी काँग्रेसच्या हाती उरली एक. ब्रह्मपुरी, विजय वडेट्टीवारांची. २०१९ ला तीन होत्या.

लाडकी बहीण चालली, हे खरंच. राज्यभर महायुतीची लाट होती, काँग्रेस २८८ पैकी १६ वर आली, हेही खरं. राजुऱ्यात सुभाष धोटे तीन हजारांच्या आसपास मतांनी पडले, तिथं वामनराव चटपांनी घेतलेली मतं हा वेगळा विषय आहे. पण वरोरा-भद्रावतीचा निकाल नुसत्या लाटेनं समजत नाही. त्यासाठी २०१४ पर्यंत मागं जावं लागते.

तेव्हा इथले आमदार होते संजय देवतळे. काँग्रेसचे, राज्यात मंत्री राहिलेले. पक्षानं त्यांचं तिकीट कापलं अन् दिलं कोणाला? देवतळे घराण्यातल्याच डॉ. आसावरी देवतळेंना. संजयभाऊ भाजपात गेले. एका घरातले दोन उमेदवार समोरासमोर, मतं फाटली, अन् शिवसेनेचे बाळू धानोरकर दोन हजारांच्या आसपास फरकानं निघून गेले. युती निवडणुकीआधीच तुटलेली होती, तरीही!

आता २०१९ चा मार्च. लोकसभेसाठी काँग्रेसनं विनायक बांगडे यांचं नाव जाहीर केलं. कार्यकर्ते खवळले. तेवढ्यात प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाणांच्या फोनवरच्या बोलण्याची ती क्लिप फिरली. पक्षात आपलं कोणी ऐकत नाही, आपणच राजीनाम्याच्या विचारात आहोत, असा तिचा आशय. प्रदेशाध्यक्षच असं म्हणतो, मग बूथवरच्या पोरानं काय करायचं? शेवटी बांगडेंचं नाव मागं घेतलं अन् नुकतेच शिवसेनेतून आलेले बाळूभाऊ उमेदवार झाले. हंसराज अहीरांना त्यांनी सुमारे ४५ हजारांनी पाडलं. महाराष्ट्रातल्या ४८ जागांत काँग्रेसची तेवढी एकच आली.

माझं मत असं, की त्या विजयानं पक्षाचं नुकसानही केलं. भांडण मिटवण्याची गरज नाही, शेवटच्या दिवशी उमेदवार बदलला तरी निभते, अशी सवय लागली. त्याच वर्षी वरोऱ्यातून प्रतिभाताई आमदार झाल्या. हरले कोण? संजय देवतळेच, या वेळी शिवसेनेकडून. २०२१ मध्ये कोरोनानं ते गेले. मे २०२३ मध्ये बाळूभाऊही गेले. दोन्ही घरांचा कर्ता माणूस दोन वर्षांच्या अंतरानं गेला.

बाळूभाऊंच्या जागेवर लोकसभेला कोण, यावरून प्रतिभाताई अन् वडेट्टीवार यांच्यात ओढाताण झाली. वडेट्टीवारांना तिकीट मुलीसाठी हवं होतं. ताई जिंकल्या, पण मनं जुळली नाहीत.

मग वरोऱ्याची रिकामी जागा. ताईंनी तिकीट मिळवलं भावासाठी, प्रवीण काकडे यांच्यासाठी. भासरे अनिल धानोरकर, भद्रावतीचे माजी नगराध्यक्ष, नाराज होऊन वंचितकडून उभे राहिले. माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे. ही जागा आपल्याला पाहिजे म्हणणारे ठाकरे सेनेचे मुकेश जीवतोडे अपक्ष लढले. निकाल काय? जीवतोडे दुसरे, काँग्रेसचा अधिकृत उमेदवार तिसरा. खासदाराच्या स्वतःच्या मतदारसंघात, तिच्या सख्ख्या भावाचा नंबर तिसरा.

अन् पहिला आला करण देवतळे, भाजप. २०१४ ला ज्यांचं तिकीट काँग्रेसनं कापलं, त्या संजयभाऊंचा मुलगा.

भाजपात सगळं गोड होतं असं नाही. किशोर जोरगेवारांना घ्यायला मुनगंटीवारांचा उघड विरोध होता, ब्रिजभूषण पाझारे बंडखोर म्हणून लढले, तरी जोरगेवार आले. अहेरीत तर कहर! धर्मरावबाबा आत्राम, समोर मुलगी भाग्यश्री अन् पुतण्या अम्ब्रीशराव. मतं घरातच तीन जागी वाटली, बाबा तरले, कारण आघाडीची मतंही फुटली होती. बल्लारपुरातही काँग्रेसच्या संतोषसिंह रावतांसमोर पक्षातल्याच डॉ. अभिलाषा गावतुरे उभ्या होत्या.

या सगळ्या गडबडीत बरांजच्या कोळसा खाणीनं विस्थापित झालेल्यांचं काय, सोयाबीन-कापसाचा भाव काय, धान काढताना वाघानं नेलेल्या माणसाच्या घरी कोण गेलं, हे विचारायला उमेदवारांकडं वेळच नव्हता. सभेत भाऊ मोठा की भासरा, हेच चाललं होतं. खाली झेंडे बांधणाऱ्या पोराला आधी विचारलं जाते, तू ताईचा की भाऊचा? काँग्रेसचा, असं उत्तर दिलं तर समोरचा हसते.